स्पर्धकासारखीच वेबसाइट काढली तर नोटीस येईल का?

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. कॅमेरे, लेन्स आणि लाइट भाड्याने देणारी वेबसाइट मी सुरू करतोय. या धंद्यात आधीच दोन मोठ्या साइट आहेत. त्यातल्या एका कंपनीत मी चार वर्षं ग्राहकसेवेत होतो. आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. माझी साइट साधारण त्यांच्यासारखीच चालेल. तारीख निवडा, वस्तू निवडा, अनामत भरा, घरपोच मिळेल. साइट बनवणाऱ्याकडे 'क्लोन स्क्रिप्ट', म्हणजे तशाच साइटचा तयार कोड आहे, त्यामुळे काम झटपट होईल असं तो म्हणतो. नाव त्यांच्या नावाशी थोडं जुळतं, पण स्पेलिंग वेगळं आहे. नियम-अटींचं पान तूर्तास त्यांचंच घेतलंय, नंतर बदलेन. जुन्या ग्राहकांची थोडी माहिती माझ्याकडे आहे. मित्र म्हणतात, ते केस ठोकतील. मूळ कल्पना त्यांची आहे हे मलाही मान्य आहे. अशी साइट काढणं बेकायदा आहे का? – ब. ना.

उत्तर : ब. ना., पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या प्रश्नासाठी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण माणूस वकिलाला विचारतो एक आणि अडकतो भलत्याच ठिकाणी, हे वीस वर्षांत पुरतं कळून चुकलंय. प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते : आधीपासून चालू असलेल्या धंद्यासारखा धंदा ऑनलाइन काढणं बेकायदा नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या चार वाक्यांखाली माझ्या रेघा आहेत. 'जुन्या ग्राहकांची थोडी माहिती' या शब्दांखाली दोन.

आधी 'मूळ कल्पना त्यांची' हे म्हणणं सोडा. वस्तू भाड्याने द्यायची, अनामत घ्यायची, परत आली की तपासून अनामत सोडायची, यातलं काहीही त्या कंपनीने शोधून काढलेलं नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत, चित्रांत किंवा कोडमध्ये मांडली, त्या मांडणीला मिळतो. बौद्धिक संपदेबद्दलच्या १९९४च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारात, कलम ९ मध्ये, हे सरळ लिहिलंय : कल्पना, कार्यपद्धती, काम करण्याच्या रीती आणि गणिती संकल्पना यांना कॉपीराइट नाही.

आणि हे इंटरनेटमुळे सुचलेलं शहाणपण नाही. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बेकर विरुद्ध सेल्डन हा खटला आला. सेल्डनने हिशेब ठेवण्याची एक रीत काढली, ती समजावणारं पुस्तक लिहिलं आणि सोबत आखलेले तक्ते छापले. बेकरने त्याच रीतीच्या, पण रकाने जरा वेगळे आखलेल्या वह्या विकायला काढल्या. न्यायालयाने सांगितलं, पुस्तकातला मजकूर सेल्डनचा, हिशेबाची रीत मात्र कुणीही वापरावी. संगणकाच्या काळातही तेच झालं. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमधल्या ४६९ आज्ञा, त्यांच्या मेनूंच्या रचनेसकट, बोरलँड कंपनीने आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या होत्या. हेतू हा की लोटसला सरावलेल्या लोकांना नव्याने काही शिकावं लागू नये. १९९५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ही मेनूची रचना म्हणजे काम करण्याची रीत आहे, तिला कॉपीराइट नाही, असं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेले, त्यामुळे तोच निकाल कायम राहिला. २०१२ साली युरोपच्या न्यायालयानेही एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात म्हटलं की प्रोग्रॅम काय काम करतो यावर कॉपीराइट बसत नाही.

तेव्हा तारीख निवडायचं कॅलेंडर, मोकळ्या तारखा हिरव्या आणि भरलेल्या करड्या, अनामत वेगळ्या ओळीत दाखवणं, हे सगळं बिनघोर घ्या.

पण याच वर्षी, २०१२ सालीच, अमेरिकेत टेट्रिसचाही निकाल लागला, आणि तो तुमच्या साइट बनवणाऱ्याला वाचायला द्या. झिओ नावाच्या छोट्या कंपनीने आयफोनसाठी टेट्रिससारखा खेळ काढला. त्यांनी कायदा चाळला होता, वकिलांना विचारलं होतं, आणि 'आम्ही फक्त खेळाचे नियम घेतले' असा त्यांचा बचाव होता. न्यायाधीशांनी नियम मोकळे आहेत हे मान्य केलं. मग दोन्ही खेळांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. तुकड्यांचे आकार तेच, रंगवण्याची पद्धत तीच, पट दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच, खाली येणाऱ्या तुकड्याची सावलीसुद्धा तशीच. झिओ हरली. नियम घेऊन त्यांना आपलं वेगळं रूप देता आलं असतं, ते दिलं नाही, एवढ्यावर हरली. तुम्हीही तीच कसोटी घरी लावा. दोन्ही साइट दोन खिडक्यांत उघडा, लोगो हाताने झाका, आणि या धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला विचारा कुठली कुणाची. तो गोंधळला तर रंग, आयकॉन, बटणांवरचे शब्द, सगळं नव्याने करा. बटणावर 'भाड्याने घ्या' हे कुणीही लिहील. पण त्यांच्या ब्रीदवाक्यातला शब्दांचा खेळ तुमच्या पानावर दिसला, तर तो योगायोग होता हे कुणाला पटणार नाही.

आता ती दोन रेघांची गोष्ट. लोक 'थोडी माहिती' म्हणतात तेव्हा ती बहुतेक वेळा एक एक्सेलची फाइल निघते. नाव, फोन, शेवटची बुकिंग कधी, कोणती लेन्स, किती सवलत दिली. तुमच्याकडे तशी फाइल असेल, तर सगळ्या प्रकरणात धोकादायक वस्तू तीच आहे. बाकीचं निस्तरता येईल.

व्यापारी गुपित कशाला म्हणायचं याच्या तीन कसोट्या ट्रिप्सच्या कलम ३९ मध्ये आहेत : माहिती सहज मिळणारी नसावी, ती गुप्त आहे म्हणून तिला किंमत असावी, आणि मालकाने ती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतलेली असावी. पासवर्डमागे ठेवलेली ग्राहकयादी बहुतेकदा या तिन्हींत बसते. आता 'चार वर्षं रोज त्याच लोकांशी फोनवर बोललो, ते काय विसरून जाऊ?' असं तुम्ही म्हणाल. नाही, विसरायचं काही कारण नाही. डोक्यात काय राहिलं आणि कागदावर काय उतरवून आणलं, यात न्यायालयं फरक करतात. त्यासाठी इंग्लंडचे दोन खटले फार बोलके आहेत. १८९५चा रॉब विरुद्ध ग्रीन : शिकारीचे जिवंत पक्षी आणि त्यांची अंडी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या व्यवस्थापकाने नोकरी सोडण्याआधी ऑर्डरबुकातून ग्राहकांची नावं उतरवून घेतली आणि स्वतःचा तोच धंदा काढला. तो हरला. १९८६चा फॅसेंडा चिकन विरुद्ध फाउलर : ताज्या कोंबड्या गाडीतून खाटीक, दुकानदार आणि खानावळवाल्यांना विकणाऱ्या कंपनीचा विक्री व्यवस्थापक बाहेर पडला आणि त्याने तसल्याच गाड्या सुरू केल्या. ग्राहक कोण, गाडी कुठल्या रस्त्याने, भाव काय, सगळं त्याला आणि त्याच्या माणसांना कामातून माहीत झालेलं होतं. तिथे कंपनी हरली. मात्र यादी उतरवून घेणं किंवा मुद्दाम पाठ करून नेणं ही गोष्ट निराळी, असं न्यायालयाने तिथेही बजावलं. दोन्ही खटले पक्ष्यांचेच निघावेत याची मला दर वेळी गंमत वाटते.

फाइल किती महाग पडू शकते याचं अलीकडचं टोकाचं उदाहरण वेमो विरुद्ध उबरचं. चालकविरहित गाड्यांवर काम करणारा आणि पुढे उबरकडे आलेला एक अभियंता वेमो कंपनी सोडताना सुमारे १४,००० फायली घेऊन गेला असा आरोप होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये खटला ऐन सुनावणीत मिटला तेव्हा उबरला सुमारे २४.५ कोटी डॉलर किमतीचे शेअर द्यावे लागले. चालकविरहित गाडी बनवायला उबरला कुणाचीच मनाई नव्हती. सगळं रामायण त्या फायलींवरून झालं.

मग काय करायचं? फाइल उघडू नका, कुणाला पाठवू नका, नव्या धंद्याच्या लॅपटॉपवर आणि मेलवर ती येऊ देऊ नका. आणि घाबरून आज रात्रीच पुसून टाकू नका. वाद होणार हे दिसत असताना फाइल पुसली, तर पुरावा नष्ट केला असं म्हणायला समोरच्याला आयतंच सापडतं. ती कशी परत करायची किंवा नष्ट करायची हे तुमच्या वकिलाला लेखी ठरवू द्या. शिवाय त्या ग्राहकांनी आपले नंबर त्या कंपनीला दिले होते, तुम्हाला नाही. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीचा कायदा लागू आहे, इतर अनेक देशांतही तसे कायदे आहेत. म्हणजे त्या यादीवर पहिला मेसेज गेला की जुनी कंपनी आणि ज्याला मेसेज गेला तो माणूस, दोघेही तक्रार करू शकतात. तुम्ही जाहिरात केली आणि जुना ग्राहक आपण होऊन आला, तर त्यात काही गैर नाही. फक्त करारात 'आमच्या ग्राहकांशी व्यवहार करणार नाही' असं कलम आहे का, तेवढं बघा.

आणि करार बघायचाच आहे. नेमणूकपत्र, त्याला जोडलेली पुरवणी, आणि शेवटच्या दिवशी घाईत सही करून दिलेला कागद, तिन्ही काढा. तिसरा कागद लोक हमखास विसरतात. स्पर्धा न करण्याचं कलम सगळीकडे सारखं चालत नाही. कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर धंदा करायला बंदी घालणारं कलम निरर्थक ठरतं, आणि तो नियम १८७२चा आहे. भारतीय करार कायद्याचं कलम २७ही तेच सांगतं, तो कायदाही १८७२चाच. इंग्लंडमध्ये मात्र मुदत, इलाखा आणि कारण वाजवी असेल तर असं कलम न्यायालय टिकवतं. तुमचे आठ महिने पुरेसे आहेत का हे कलम वाचल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. गुप्ततेचं कलम मात्र सहसा सगळीकडे टिकतं.

'नियम-अटींचं पान तूर्तास त्यांचंच घेतलंय.' हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण या पानाची माझी एक आठवण आहे. काही वर्षांपूर्वी एक अशील लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसले होते. साइट दोन दिवसांनी सुरू होणार होती. सगळं स्वतः लिहिलंय, शपथेवर सांगतो, म्हणाले. मी त्यांच्याच लॅपटॉपवर नियम-अटींचं पान उघडलं आणि कंट्रोल-एफ दाबून स्पर्धकाचं नाव टाइप केलं. कोपऱ्यात आकडा आला : तीन. चौदाव्या कलमात तर 'वाद झाल्यास' म्हणून स्पर्धकाच्याच पत्त्यावर लिहायला सांगितलं होतं. म्हणजे यांच्या ग्राहकांच्या तक्रारी थेट स्पर्धकाच्या टेबलावर जाणार! अशील काही बोलले नाहीत, पाणी मागितलं. मग मी होमपेजवरच्या एका फोटोची फाइल उतरवून घेतली, उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज उघडल्या. लेखकाच्या रकान्यात तिसऱ्याच माणसाचं नाव. तो फोटोही गेला.

कायद्याची छापील भाषा साचेबंद असते, तिच्यातल्या एखाददुसऱ्या वाक्यावर कुणाचा हक्क सांगता येत नाही. पण अख्खं पान उचललं की ती मांडणी उचलली. त्याहून वाईट म्हणजे ते पान तुमच्या धंद्याला लागू पडत नाही. लेन्सवर ओरखडा आला तर कोण भरणार, वस्तू पोहोचवताना वाटेत तुटली तर कोण, परत यायला एक दिवस उशीर झाला तर किती, याची त्यांची उत्तरं त्यांच्या विम्याप्रमाणे लिहिलेली असतील. तुमचा विमा निराळा असेल, आणि ग्राहक मात्र तुमच्या पानावरच बोट ठेवेल. तेव्हा 'नंतर बदलेन' चालणार नाही.

फोटोंचं म्हणाल तर तुमच्यासारखं भाग्य कुणाचं? कॅमेरे भाड्याने देणाऱ्याने दुसऱ्याचे फोटो उचलायचे म्हणजे कमालच झाली. उत्पादकाच्या साइटवरचे चकचकीत फोटोही उत्पादकाचे किंवा त्याच्या छायाचित्रकाराचे असतात, तुम्ही त्यांचा कॅमेरा विकत घेतला म्हणून ते तुमचे होत नाहीत. स्वतःची एकेक लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवा आणि काढा. ओरखडे, घासलेल्या कडा, सगळं दिसू द्या. परत आलेल्या वस्तूवर नवा ओरखडा कुठला यावरून भांडण झालं, तर तारीख असलेला तोच फोटो तुमच्या कामाला येईल. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मात्र वापरता येतं, कारण वस्तू त्याच कंपनीची आहे हे सांगायला दुसरा मार्ग नाही. लोगो असा लावू नका की ती तुमची भागीदार वाटेल, इतकंच.

नावाचं प्रकरण तुम्ही समजता त्याहून गंभीर आहे. 'स्पेलिंग वेगळं आहे' हा बचाव मी इतक्यांदा ऐकलाय! ट्रेडमार्कमध्ये कानाला काय ऐकू येतं आणि घाईतल्या ग्राहकाच्या काय लक्षात राहतं, ते पाहतात. २००४ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट हा खटला आला. एकाकडे 'सिफी', दुसऱ्याकडे 'सिफिनेट', इंग्रजीत एक 'एफ' जादा. न्यायालयाने डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे असं सांगून पहिल्याच्या बाजूने निकाल दिला. डोमेन तुम्हाला मिळालं, म्हणजे नाव तुमचं झालं, असंही नाही. डोमेन देणारा फक्त ते मोकळं आहे का बघतो, कुणाच्या हक्कावर गदा येते का हे बघत नाही. आणि जगभरच्या डोमेनांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचं १९९९ पासून धोरण असं आहे की दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं जुळणारं डोमेन वाईट हेतूने, स्वतःचा काही वैध हक्क नसताना घेतलं, तर न्यायालयाची पायरी न चढताही ते काढून घेता येतं. त्याच कंपनीतल्या माजी नोकराने तसंच ऐकू येणारं नाव घेतलं, तर हेतू चांगला होता हे तुम्ही कसं पटवणार? नाव बदला. आज काही छापलेलं नाही, आज ते फुकटात होईल. नवं नाव ठरलं की तुमच्या देशाच्या नोंदणीत आणि डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या मोफत ब्रँड डेटाबेसमध्ये शोधा. वस्तू-सेवांचे एकूण ४५ वर्ग असतात. आपल्या वर्गात बघा, जवळच्या वर्गांतही बघा.

जाहिरातीत त्यांच्या नावाचा शोधशब्द विकत घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण साइट सुरू झाल्यावर आठवड्याभरात विचाराल. युरोपच्या न्यायालयाने २०१० साली गूगल आणि लुई व्हिताँच्या खटल्यात जी कसोटी लावली ती ध्यानात ठेवा : जाहिरात कुणाची आहे हे साध्या माणसाला सहज कळलं पाहिजे. तेव्हा जाहिरातीच्या मजकुरात त्यांचं नाव नको.

'क्लोन स्क्रिप्ट'बद्दल साइट बनवणाऱ्याला तीन प्रश्न लेखी विचारा. हा कोड कुणी लिहिला? त्यात कुणाचा ओपन सोर्स, म्हणजे सर्वांसाठी खुला ठेवलेला, कोड आहे आणि त्याचा परवाना कोणता? आणि पैसे दिल्यावर कॉपीराइट माझ्या नावावर होणार की मला फक्त वापरायचा परवाना मिळणार? पुष्कळ देशांत बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचा कॉपीराइट लेखी हस्तांतर नसेल तर त्याच्याकडेच राहतो. पैसे देऊनही! तो एका दिवसात उत्तर देतो की आठवडा लावतो, यावरूनही बरंच कळेल. दुसऱ्याच्या कोडवर हात मारला असेल, तर नोटीस साइटच्या मालकाला येते, म्हणजे तुम्हाला.

पेटंटची भीती तुमच्या बाबतीत कमी आहे, पण शून्य नाही. ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीवर सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि डिसेंबरात, ऐन सणाच्या खरेदीत, बार्न्स अँड नोबलला मनाई हुकूम आला. त्यांनी आपल्या साइटवर आणखी एक क्लिक वाढवली! २००१ साली तो हुकूम उठला, पेटंट २०१७ साली संपलं. युरोपने ते दिलंच नव्हतं. पेटंट देशापुरतं असतं आणि साधारण वीस वर्षांचं असतं. नेहमीच्या बुकिंग साइटला फारसं भ्यायचं कारण नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या पानाच्या तळाशी 'पेटंट' असा उल्लेख दिसला, तर तो क्रमांक गूगल पेटंट्सवर जरूर बघा.

त्यांचे दर रोज आपोआप खेचून घेणारा प्रोग्रॅम लावायचं कुणी सुचवलं, तर थांबा. डोळ्यांनी बघून आपला दर ठरवणं म्हणजे बाजार. यंत्राने सगळं उपसणं मात्र त्यांच्या साइटच्या अटींचा भंग ठरू शकतं. २०१५ साली रायनएअरच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने म्हटलंय की माहितीसंचाला कायद्याचं संरक्षण नसलं तरी कराराने त्याच्या वापरावर बंधन घालता येतं. खोट्या नावाने खातं उघडून खोट्या बुकिंग करणं तर मुळीच नको.

आणि एवढं करूनही नोटीस येऊ शकते. मोठ्या कंपन्या कधी कधी नुसतं दचकवायलाही पाठवतात. आली तर त्या रात्री उत्तर लिहू नका, समाजमाध्यमावर तर अजिबात नको. पाकीट आणि तारीख जपा, उत्तराची मुदत बघा, काही पुसू नका. नोटिशीत नेमकं काय कॉपी केलं असं म्हटलंय ते शोधा. नुसतं 'आमच्या धंद्याची नक्कल' असं मोघम असेल, तर ती नोटीस फुसकी असण्याची शक्यता मोठी. पान, फोटो, फाइल, तारीख असं बोट ठेवलेलं असेल तर त्याच दिवशी वकील गाठा. आजपासून एक वही घाला : कुठलं पान कोणी लिहिलं, कुठला फोटो कधी काढला, आयकॉन कुठून विकत घेतले. पावत्या त्यातच खोचा. २००९ साली फेसबुकचा जर्मनीतल्या स्टुडीव्हीझेड या तसल्याच साइटवरचा दावा कोलोनच्या न्यायालयाने फेटाळला. निळ्याऐवजी लाल रंग, बाकी बरंचसं तसंच, असं तिच्याबद्दल सर्रास बोललं जायचं. तरी दावा टिकला नाही. पुढे दोघांनी मिटवूनही टाकलं. जिंकणाऱ्यालाही मधली वर्षं मोजावी लागतात, म्हणून ती वही.

प्रश्न : मी शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांची मोठी यादी साइटवर ठेवली आहे. कुठला भाग कुठल्या मॉडेलला बसतो, क्रमांक काय, आणि माझ्या टिपा. कुणी चोरलं तर कळावं म्हणून यादीत दोन खोटे क्रमांक पेरले होते. नव्याने आलेल्या एका साइटवर तेच दोन खोटे क्रमांक आहेत! चोर सापडला. आता दावा लावू ना? – क. शि.

उत्तर : क. शि., सापळा झकास. पण जरा बसा. अमेरिकेत रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत असेच खोटे क्रमांक पेरले होते. फाइस्ट कंपनीच्या डिरेक्टरीत रूरलच्या १,३०९ नोंदी जशाच्या तशा सापडल्या, त्यात चार खोट्या. कॉपी झाली हे शंभर टक्के सिद्ध. तरी १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात रूरल हरली. वर्णानुक्रमाने लावलेली नावं आणि नंबर ही वस्तुस्थिती आहे, ती गोळा करायला घाम गाळला म्हणून कॉपीराइट मिळत नाही, असा निकाल लागला. युरोपीय संघात मात्र माहिती मिळवण्यावर, तपासण्यावर किंवा मांडण्यावर बराच खर्च केला असेल, तर १९९६च्या निर्देशाप्रमाणे माहितीसंचावर १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. तुम्ही क्रमांक उत्पादकांच्या सूचीपत्रांतून जमवले असतील तर तो 'मिळवण्यावरचा' खर्च झाला. तुमचा धंदा कुठे नोंदला आहे यावर हे सगळं ठरेल.

तुमचं खरं बळ टिपांमध्ये आहे. 'हा भाग बसवताना वरचा स्क्रू आधी अर्धा सैल करा, नाहीतर कड तुटते' हे वाक्य तुमचं आहे. तशा टिपा त्यांनी शब्दशः उचलल्या असतील, तर त्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर दोन्ही पानं साठवा, आणि त्यांची साइट ज्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीला पान काढण्याची सूचना पाठवा. सर्व्हर अमेरिकेत असेल तर १९९८च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्यात याची ठरलेली वाट आहे. मात्र सूचनेत फक्त टिपाच लिहा. आकड्यांवरही हक्क सांगितलात, तर जाणूनबुजून खोटा दावा केल्याचा आरोप तुमच्यावरच येईल. ते खोटे क्रमांक तूर्त तसेच राहू द्या, पण कुणी ग्राहक त्या क्रमांकाचा भाग मागवून बसणार नाही एवढी सोय करा. टिपांच्या मूळ फायली तारखांसकट आजच वेगळ्या काढा, सूचना उद्या.